तांबड्या दाराच्या बिजागऱ्या

“बाबा, त्या दाराआड काय आहे हे तुला तरी माहीत आहे का?”

भिंगरीने हे विचारलं तेव्हा बाबांच्या हातातलं बिस्किट अर्धं चहात होतं. ते तिथेच राहिलं. बाबांनी आधी भिंगरीकडे पाहिलं, मग आईकडे, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे आणि पुन्हा भिंगरीकडे. ते लिहितात त्या टीव्ही मालिकेतली माणसं अशीच बघतात. कुणी नुसतं “चहा घेणार का” म्हटलं तरी घरातले सगळे एकेक करून दचकतात, मागे नगारे वाजतात आणि चहा घेणार की नाही ते उद्यावर जातं. बिस्किटाला मात्र उद्यापर्यंत थांबायची सवय नव्हती. ते विरघळून तळाशी गेलं.

“माहीत आहे की,” बाबा म्हणाले. “लेखकालाच माहीत नसेल तर कुणाला असणार?”

आणि त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसायला घेतला.

बाबा खोटं बोलतात तेव्हा चष्मा पुसतात. आईने केस कापून आणले तेव्हा त्यांनी “छान दिसतात” म्हणत चष्मा पुसला होता. भिंगरीने काढलेल्या घोड्याला “हुबेहूब” म्हणतानाही पुसला होता, आणि तो घोडा खरं तर टेबल आहे असं शेजारच्यांचं मत पडलं होतं.

प्रश्न तिचा एकटीचा नव्हता. मैत्रिणींनी तिला पैज लावून विचारायला धाडलं होतं. गेल्या वर्षीपर्यंत ही मुलगी वर्गात हजेरीला उत्तर द्यायची तर बाईंना वाटायचं, खिडकीपाशी डास गुणगुणतोय. मग शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत ऐन तिच्या वेळी माइक बंद पडला. घाबरून ती अशी ओरडून बोलायला लागली की आवाज शेवटच्या रांगेतल्या झोपलेल्या शिपायापर्यंत पोचला आणि ती पहिली आली. त्या दिवशी तिला तिचा आवाज सापडला आणि घरच्यांची शांतता हरवली. आता तिचं म्हणजे उचलली जीभ, लावली टाळ्याला. मधल्या सुट्टीत डबा खाता खाता ती सगळ्या वर्गासमोर बोलून बसली होती, “त्यात काय, माझाच बाबा लिहितो. सोमवारी सांगते दाराआड काय आहे ते.”

“तो सांगणार नाही,” तिची मैत्रीण म्हणाली. तिला सगळे वकील म्हणत, कारण ती गृहपाठ न केल्याबद्दलही बाजू मांडत असे. “कारण त्याला माहीतच नाही. माहीत असतं तर आत्तापर्यंत उघडलं नसतं का? लाव पैज. विचारून दाखव तोंडावर.”

“माझा बाबा गोष्टी सांगतो, थापा मारत नाही,” भिंगरी म्हणाली.

“मग विचार की.”

आता दाराविषयी सांगायला हवं. मालिकेचं नाव ‘तांबडं दार’. ती सुरू व्हायच्या आधी दोन महिने गावातल्या प्रत्येक चौकात एक प्रचंड तांबडं दार लटकत होतं आणि त्याखाली एकच शब्द, ‘उघडणार’. बसच्या पाठीवर दार, दुधाच्या पिशवीवर दार. लोक एकमेकांना भेटले की तब्येतीऐवजी दाराची चौकशी करत. कुणी म्हणे आत खजिना आहे, कुणी म्हणे मुडदा, भाजीवाला म्हणे दोन्ही. पहिल्या भागाच्या दिवशी संध्याकाळी रस्त्यावर कुत्रीसुद्धा दबकून चालत होती.

पहिल्या भागात नायिका दारापाशी गेली, कडीला हात लावला आणि फोन वाजला. दुसऱ्या भागात कडीला हात लावला आणि आत्याला चक्कर आली. मग काकांना ठसका लागला, दिवे गेले, पोलीस आले, मांजर व्यायली. नमनालाच घडाभर तेल जावं तसं झालं. तिसऱ्या महिन्यात कडीची चमक गेली, पण दार जसंच्या तसं. गावात आता काही अडलं की लोक म्हणत, “याचं तांबडं दार झालंय.” गणिताच्या सरांनी तर एका न सुटणाऱ्या उदाहरणाला तेच नाव दिलं आणि सगळा वर्ग वळून भिंगरीकडे बघून हसला.

ते हसणं तिच्या जिव्हारी लागलं होतं. मालिका पडली तर पडो, शंभर मालिका पडतात. पण लहानपणापासून ज्याच्या गोष्टी ऐकत ती वाढली तो बाबा खरंच गोष्ट सांगणारा आहे, की नुसतं बंद दार रंगवून लोकांना उभं करणारा, एवढंच तिला कळायला हवं होतं. आणि बाबा बसलेत चष्मा पुसत.

“तिला सोबत घेऊन जा आज,” आई म्हणाली. आई दातांची डॉक्टर. तिच्या खुर्चीत बसलेली माणसं तोंड उघडं असेपर्यंत गप्प असत आणि चूळ भरली रे भरली की दाराबद्दल विचारत. “शनिवार आहे. बघू दे तिलाच काय आहे ते. आणि संध्याकाळी दवाखान्यात ये. झोपेत दात खातोयस तू, करकर ऐकून मला वाटतं घरात उंदीर झालेत.”

“मी दात खात नाही.”

“मग उंदीर खात असतील. सहाला ये.”

चित्रीकरणाची जागा म्हणजे गावाबाहेरचं एक मोठं गोदाम निघालं. बाहेरून पत्रा, आत अख्खं घर. बैठक होती, जिना होता, जिन्याला वरचा मजला नव्हता. खिडकीबाहेरची बाग कापडावर रंगवलेली होती. भिंगरी आ वासून बघत फिरत होती आणि फिरता फिरता अचानक समोर तेच दार आलं. तांबडं. चौकातल्यापेक्षा लहान, पण तेच.

आजूबाजूला कुणी नव्हतं. सगळे जेवायला गेले होते. भिंगरीने मनात म्हटलं, तीन महिने सगळा गाव वाट बघतोय आणि मी एक हाताच्या अंतरावर आहे. तिने कडी धरली. फोन वाजला नाही. कुणाला चक्कर आली नाही. तिने कडी ओढली.

दार हललं नाही. तिने जोर लावला, एक पाय भिंतीला टेकवून दोन्ही हातांनी ओढलं, आणि कडी निघून तिच्या हातात आली.

“अगं ए ताई,” मागून कुणीतरी ओरडलं. “ते उघडत नाही.”

सुतारकाका होते. तोंडात खिळे, कानावर पेन्सिल, एक गाल जरा सुजलेला. ते आईचे पेशंट होते हे तिच्या लक्षात आलं.

“कुलूप आहे?”

“कुलूप कशाला? बिजागऱ्याच नाहीत. मागे विटांची भिंत आहे, तिच्यावर फळी ठोकलीय. भिंतीपलीकडे स्कूटर दुरुस्तीचं दुकान.”

भिंगरी कडी हातात धरून उभी राहिली. “म्हणजे ते उघडूच शकत नाही?”

“मला कागद दिला त्यावर लिहिलं होतं, दार बंद,” सुतारकाका कडी परत ठोकत म्हणाले. “रोज नवा कागद येतो, त्यावर रोज तेच, दार बंद. बंद दाराला बिजागऱ्या कशाला लावू? मला वाटलं, उघडायचं झालं की सांगतील.”

ही सगळी गंमत त्यांच्या काम करण्याच्या पद्धतीत होती. आजचा भाग आज लिहायचा, आज उभा करायचा, परवा दाखवायचा. सुतारकाकांना वाटत होतं, आत काय आहे ते दिग्दर्शकाला माहीत आहे. दिग्दर्शकाला वाटत होतं लेखकाला. लेखक वाहिनीच्या बाईंकडे बोट दाखवत होता, आणि बाई म्हणत होत्या, प्रेक्षकांना काय हवंय ते आधी कळू दे. अशा रीतीने सगळे एकमेकांच्या भरवशावर त्या फळीपुढे उभे राहून घाबरत होते.

तेवढ्यात दिग्दर्शक जेवून आले. त्यांच्या मागे बाबा, खाली मान घालून. वाहिनीच्या बाईंचा फोन येऊन गेला होता, आणि आता लपवाछपवीला जागा नव्हती. येत्या शुक्रवारी दार उघडायचं. आतून काही धडाकेबाज निघालं तर पुढे वर्षभर चालू. नाहीतर शुक्रवारचा भाग शेवटचा.

“काय निघावं?” दिग्दर्शक स्वतःलाच विचारत होते. “साप? सापाला परवानगी लागते. खजिना? खजिन्याला पैसे लागतात.” आणि मग त्यांची नजर भिंगरीवर पडली. ते मागे सरले, एक डोळा मिटला, मान वाकडी केली. “ही कोण?”

“माझी मुलगी,” बाबा म्हणाले.

“हिचं नाक बघ. आपल्या नायिकेचंच नाक.”

भिंगरीने नाकाला हात लावला. आजवर त्या नाकाबद्दल कुणी चांगलं बोललं नव्हतं.

“हरवलेली बहीण,” दिग्दर्शक म्हणाले. “जुळी. दार उघडतं आणि ही बाहेर येते. आता नवं नाक शोधायला वेळ नाही. बाळ, करशील ना?”

करशील ना म्हणजे काय? भिंगरीच्या डोळ्यांसमोर चौकाचौकांत स्वतःचं नाक लटकायला लागलं. ती हो म्हणणारच होती, पण जीभ सवयीने आधी दुसरीकडेच गेली.

“काका, जुळी म्हणजे तिच्याएवढीच ना? ती तर नोकरी करते. मी नववीत आहे.”

“अंधारात वाढ खुंटते.”

“आणि तिथे मी काय खात होते?”

“ते नंतर बघू.”

“आंघोळ?”

“नंतर, नंतर. सगळं नंतर बघू.” दिग्दर्शक हसले. “बापावर गेलीय. त्याचंही पहिल्या बैठकीत असंच, याचं कारण काय, त्याचं कारण काय. दाराआडचं काहीतरी लिहूनही आणलं होतं त्याने. फार साधं होतं. तिथल्या तिथे काढून टाकलं आम्ही.”

बाबांनी चष्मा काढला. पण पुसला नाही. नुसता हातात धरून उभे राहिले.

परतीच्या बसमध्ये भिंगरी खिडकीशी बसली. अर्ध्या रस्त्यापर्यंत ती काचेवर बोटाने दार काढत आणि पुसत राहिली.

“तुला माहीत होतं,” ती शेवटी म्हणाली.

“होतं. आता नाही,” बाबा म्हणाले. “मग ते चौकाचौकातले फलक लागले. लोक खजिना म्हणायला लागले, मुडदा म्हणायला लागले. माझं ते एवढंसं. रोज त्या फलकाखालून बसने जायचो आणि रोज ते आणखी लहान वाटायचं. त्या फलकाएवढं मोठं काही त्या दाराआड मावणारच नव्हतं गं. मग वाटलं, न उघडलेलंच बरं.”

“काय होतं पण?”

“जाऊ दे. तू ये बाहेर दारातून. नाक चांगलं आहे तुझं. मालिका चालेल, तुझंही नाव होईल, माझंही काम राहील.”

हे म्हणताना त्यांनी चष्मा इतका पुसला की काच निघते की काय असं वाटलं.

दवाखान्यात आईने बाबांना थेट आत घेतलं. भिंगरी बाहेरच्या बाकावर बसली आणि तिने वकिलीणबाईंना फोन लावला. बातमी ऐकून पलीकडून इतकी मोठी किंकाळी आली की बाकावरच्या आजोबांनी आपली कवळी चाचपली.

“टीव्हीवर येणार तू?” वकील म्हणाली. “मग मी पैज हरले. म्हणजे दाराआड तू होतीस?”

“हो.”

“कधीपासून?”

“लहानपणापासून.”

“मग टीचभर खोलीत एवढी वर्षं केलंस काय? आणि इतके दिवस बाहेर तमाशा चाललाय, हाक का नाही मारलीस? तुझा तर आवाज माइकशिवाय शिपायापर्यंत जातो.” ती थांबली. “हे बघ, मी तुझ्या बाजूनेच आहे. पण सोमवारी हे वर्गात सांगशील तर लोक हसतील. आधी तुझ्या बाबाला हसत होते, आता जोडीला तू.”

भिंगरीने फोन ठेवला. समोरच्या टीव्हीवर कालचाच भाग पुन्हा लागला होता. नायिकेने कडीला हात लावला. जबडा धरून बसलेला एक अनोळखी माणूस उसासा टाकून म्हणाला, “माझी दाढ निघेल, पण ते दार काही उघडायचं नाही.”

दाढ म्हटल्याबरोबर भिंगरीच्या डोक्यात काहीतरी खट्‌कन वाजलं.

आतल्या खोलीतलं ते गोल स्टूल. ती पहिलीत होती. हलणारा दात काढायचा होता आणि तिची दातखीळ बसली होती. आईने लाडीगोडी लावली, दम दिला, आरसा दाखवला, सगळं झालं. तोंड काही उघडेना. मग बाबा त्या स्टुलावर येऊन बसले आणि म्हणाले, एक तांबडं दार होतं.

दोन भाऊ होते. भांडण कशावरून झालं ते दोघांनाही आठवत नव्हतं, पण झालं होतं. थोरल्याच्या घरात एक खोली होती, तिच्या खिडकीतून धाकट्याचं घर दिसायचं. म्हणून थोरल्याने ती खोली बंद करून टाकली आणि चुकूनही कुणी उघडू नये म्हणून दार तांबडं रंगवलं. वर्षं गेली. घरातल्या पोरांना वाटायचं आत भूत आहे. एक दिवस सगळ्यांत लहान मुलगी उठली आणि तिने सरळ दार उघडलं. आत काहीच नव्हतं. फक्त समोर खिडकी. ती तिने ढकलली, तर पलीकडच्या घरातही तशीच एक खिडकी, तितकीच जुनी, गंजलेली. आणि आतून कुणीतरी त्या खिडकीशी झटापट करत होतं. उघडायला.

इथे लहानग्या भिंगरीने आ केला होता आणि आईने दात काढला होता. दुखलंसुद्धा नाही. दात निघायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात बाबांनी दार उघडून दाखवलं होतं. आणि तीन महिने सगळा गाव त्याच दारापुढे ताटकळत होता.

भिंगरी उठली. समोर टेबलावर पेशंटांचे फोन नंबर असायचे. तिने एक फोन केला, हळू आवाजात, म्हणजे फक्त बाकावरच्यांना ऐकू जाईल इतक्या. बाकावरच्यांनी टीव्ही बंद केला. मग ती दार न वाजवता आत घुसली.

बाबा खुर्चीत आडवे होते. तोंडात आरसा, नळी आणि आईची दोन बोटं.

“बाहेर थांब,” आई म्हणाली. “दात झिजवून ठेवलेत यांनी. इतकी काळजी कुणी दाढेत साठवतं का?”

“बाहेर नाही थांबत. बाबाला बोलता येत नाहीये तोवरच सांगायचंय मला.”

“आँ,” बाबा म्हणाले.

“तू फक्त ऐक. मी जुळी बहीण होणार नाही. त्या दारातून मी बाहेर येणार नाही, अंधारात वाढ खुंटणार नाही आणि आंघोळीचं नंतर बघणार नाही.”

आईची बोटं थांबली. “अगं, मग शुक्रवारी यांची मालिका संपेल.”

“संपू दे. संपणारी गोष्टच सांगता येते याला, ती तीन महिने ओढायला लावली म्हणून दात झिजले. माझा दात आठवतो तुला? तीच गोष्ट. दोन भाऊ आणि खिडकी.”

बाबांचे डोळे मोठे झाले. चष्मा बाजूच्या ट्रेमध्ये होता, आणि हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट. पुसायला काही नव्हतं.

“आँ आँ आँ,” ते म्हणाले.

“लहान आहे, साधी आहे, लोक खजिन्याची वाट बघतायत, माहितीय मला. मी पण आ केला होता ना? तेवढं पुरे आहे. शुक्रवारचा भाग तू लिहायचा. आणि नाक माझंच लागणार असेल तर मी येते, पण आतून नाही. मी बाहेरून दार उघडणार.”

आईने बाबांच्या तोंडातली नळी काढली. बाबांनी बोलायला तोंड उघडलं, ते आधीच उघडं होतं, म्हणून त्यांनी ते मिटलं आणि मग म्हणाले, “पण ते दार उघडत नाही गं. मागे भिंत आहे.”

“ठरलंय माझं,” भिंगरी म्हणाली. “सुतारकाका चौकट चार हात पुढे घेतायत, म्हणजे मागे खोलीपुरती जागा होईल. खिडकी उघडणारी हवी का बंद, विचारत होते. मी म्हटलं उघडणारी. आणि बिजागऱ्या मोठ्या लावायला सांगितल्यात.”